वीरभद्रय्यागारूंचा शनिवार

श्रीधरने वीरभद्रय्यागारूंना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी उगाच अंदाज बांधत बसायला नको. श्रीधर आमच्या इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या तेलुगू संघटनेचा अध्यक्ष. बिझनेस पार्कमध्ये मोठ्या हुद्द्यावर, बोलायला मऊ, शर्टाला कायम इस्त्री. वीरभद्रय्यागारू गुंटूरच्या मिरची बाजारातले जुने आडते. म्हातारपणी मुलाकडे राहायला आलेले, बोलायला तिखट आणि वरचं बटण कायम उघडं. पहिल्याने दुसऱ्याचा वर्ग पळवला, तोही भरल्या सभेत, टाळ्या घेऊन. मी समोर उभा होतो. मी सोलापूरचा, इथे किराणा दुकान चालवतो, तेलुगू माझी आई-बापाची भाषा नाही. त्यामुळे ‘तुमचा याच्याशी काय संबंध’ हे मला त्या संघटनेतल्या बऱ्याच जणांनी विचारून झालं आहे. त्यांना दुकानात दिलेलं उत्तर इथे छापता येणार नाही. सभ्य उत्तर पुढे देतो.

म्हातारा पहिल्यांदा दुकानात आला तो सरळ लाल मिरचीच्या मांडणीपाशी गेला. एक पाकीट उचललं, फोडलं, एक मिरची मोडून नाकाशी धरली आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात तेलुगूत जाहीर केलं, की ही मिरची गुंटूरची नाही आणि हा दुकानदार चोर आहे. मला काही कळणार नाही अशी त्याची खात्री होती. पण माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं, मागांच्या खडखडाटात. गल्लीतली निम्मी घरं तेलुगू विणकरांची. शिव्या तर मी आधी तेलुगूतच शिकलो. मी गल्ल्यावरूनच त्याला त्याच्या भाषेत विचारलं, की फोडलेलं पाकीट घेणार आहेस, की तुझ्या गुंटूरला परत पाठवू.

दुसरा कुणी ओशाळला असता. या माणसाचा चेहरा उजळला. तो गल्ल्यापाशी आला, दोन्ही कोपरं टेकवली आणि भाव करायला लागला. मी त्याला किंमत छापलेली दाखवली. तो म्हणाला, “छापणाऱ्याला विचारलंय का मी? तुला विचारतोय.” मी या देशात मंडईतल्या फळीवर भाजी विकत वर आलेला माणूस, मला कुणी एवढं हट्टाने भिडलं की राग येतो आणि बरंही वाटतं. मागे रांग लागली तरी आमचं चालूच. मी एक पेनी सोडली नाही. तो पूर्ण पैसे देऊन, मला शिव्या घालत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर झाला. त्या दिवसापासून तांदळाच्या पोत्यांशेजारचं स्टूल त्याचं झालं आणि मी ‘शावुकारू’ झालो. तेलुगूत सावकाराला, व्यापाऱ्याला असं म्हणतात. मीही त्याला वीरभद्रय्यागारू म्हणायला लागलो, कारण नावापुढे गारू, म्हणजे आपलं ‘राव’, लावल्याशिवाय हाक मारली, की तो ऐकूच येत नसल्यासारखा बसायचा.

त्यांची एक खोड होती: कुणाशीही ते तेलुगूतच बोलायचे. बसच्या ड्रायव्हरला पास दाखवताना “एंटी बाबू, बागुन्नावा?” म्हणजे काय बाबा, बरा आहेस ना. औषधाच्या दुकानातल्या बाईशी तेलुगू, पोस्टमनशी तेलुगू. मुलगा लाजेने अर्धा व्हायचा. पण तो ड्रायव्हर, गोरा, दंडावर गोंदलेला, पुढेपुढे न विचारता “बागुन्ना” म्हणायला लागला. यात भाषेच्या अभिमानाचा भाग थोडा आणि आळसाचा जास्त होता. इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी येत असे. पण मिरची बाजारात ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकाला आपल्या वाटेवर आणलं, त्याने म्हातारपणी दुसऱ्याच्या वाटेने कशाला जायचं, असा त्यांचा हिशेब.

इंग्रजी शब्दांशी त्यांचं वैर नव्हतं. ट्रॉली, बिस्किट, राउंडअबाउट, जे समोर येईल त्याला शेपटीला ‘लु’ लावायचे आणि आपल्यात घ्यायचे. बेसिंगस्टोकच्या चौकाचौकातल्या ‘राउंडअबाउट्लु’वर त्यांचा विशेष राग होता, गावात शिरल्यापासून नुसता फिरतोय, पोचत नाही, म्हणायचे. त्याच वेळी संघटनेची शब्दसमिती ‘अपलोड’ला शुद्ध तेलुगू शब्द शोधत होती आणि त्यावरून तिच्यात दोन तट पडले होते. वीरभद्रय्यागारू म्हणाले, “मिरचीसुद्धा बोटीतून आलीय, शावुकारू. आमच्या मातीत लावली, आमची झाली. पाकिटात ठेवली असती तर अजून परकीच राहिली असती.”

बाहेर असे वाघ. घरी मात्र त्यांचं कुणाशी बोलणं नव्हतं. मुलगा दिवसभर मीटिंगमध्ये, सून कानाला हेडसेट लावून हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट लावत असायची, आणि नात हासिनी शाळेतून आली की इंग्रजीत. आजोबांनी काही विचारलं तर ती आईकडे बघायची आणि आई भाषांतर करायची. एकदा ते मला म्हणाले, की मी त्या घरात जादाच्या सुटकेससारखा आहे. टाकवत नाही आणि उघडायचंही कारण पडत नाही. तिकीट काढून परत जावं असं त्यांच्या मनात होतं. राहिले ते एका शनिवारमुळे.

त्या शनिवारी हासिनी त्यांच्याबरोबर दुकानात आली होती. तिला चेक्कलु हवे होते, तांदळाच्या पिठाच्या त्या तिखट, कडक पुऱ्या. तिने माझ्याकडे इंग्रजीत मागितल्या. मी बरणीला हात घातला तेवढ्यात म्हातारा स्टुलावरून म्हणाला, “देऊ नको.” तिने तेलुगूत मागेपर्यंत द्यायच्या नाहीत. पोरगी लाल झाली, पाय आपटला, बाहेर जाऊन आली. शेवटी मागितल्या. मग म्हातारा म्हणाला, भाव विचार. तिने विचारलं, “एंत?” मी त्यात सोन्याचा तुकडा असावा असा भाव सांगितला. त्याने तिच्या कानात एक शब्द सांगितला, “तग्गिंचंडी”, म्हणजे कमी करा. मी नाही म्हटलं. का कमी करू, कारण दे. तिने आजोबांकडून एकेक शब्द घेत सांगितलं: तुटलेल्या आहेत, तेलाचा वास येतोय, पलीकडच्या दुकानात स्वस्त मिळतात. ते पलीकडचं दुकान ऐकल्यावर मी खराच भडकलो आणि तिलाही चेव आला. रांगेतल्या दोन आया हातातलं सामान ठेवून बघत होत्या. पुढच्या शनिवारी त्यांनी आपापली मुलं आणली.

असा तो वर्ग सुरू झाला, दुकानाच्या मागच्या भागात, पोत्यांमध्ये. ना पुस्तक, ना फळा. एका शनिवारी फक्त तक्रार, एका शनिवारी फक्त नकार, एका शनिवारी खोटी स्तुती. मी कायम दुकानदार, आणि कायम वाईट दुकानदार. ते काम मला शिकवावं लागलं नाही. “मुलांना कविता नंतर शिकवा,” ते म्हणायचे, “आधी तक्रार शिकवा. ज्याला नीट तक्रार करता आली, त्याला भाषा आली.” एका मुलाने मला अंबाडीच्या जुडीवरून इतकं रडवलं, की मी त्याला ती फुकट दिली. त्याच्या बापाने ती फुलं समजून फुलदाणीत ठेवली.

म्हातारा संत नव्हता. लाडक्या मुलांना तो उघड झुकतं माप द्यायचा, हासिनीला सगळ्यात जास्त. माझे चेक्कलु खायचा आणि उंदरांवर ढकलायचा, माझ्या दुकानात उंदीर आहेत असं गिऱ्हाइकांसमोर म्हणून. गप्प बसणाऱ्या मुलाला ‘पुच्चु वंकाया’ म्हणायचा. म्हणजे किडकं वांगं. त्यावरून एक आई चिडून आली आणि इंग्रजीत बरंच बोलली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आता हेच तुझ्या आईसारखं म्हणून दाखव.” बाई थबकली, मग तेलुगूत सुरू झाली, आणि असं काही बोलली की म्हातारा स्टुलावरून उठून उभा राहिला. पुढच्या शनिवारी ती मुलांना ओरडायला शिकवायला आली.

आणि मग श्रीधर आला. संघटनेच्या वार्षिक अहवालात दाखवायला त्याच्याकडे भोंडल्यासारखा एक बतुकम्माचा कार्यक्रम आणि जेवणाचे फोटो एवढंच होतं. इथे मात्र मुलं खरोखर तेलुगू बोलत होती. तो आत आला आणि पोत्यांमध्ये वाकून म्हाताऱ्याच्या पाया पडला. दुकानात फरशी ओली होती, तरी गुडघा टेकला. हे मी मान्य करतो. म्हणाला, एवढं काम तुम्ही अशा जागी करायचं का? शाळेचा हॉल मिळवून देतो, कौन्सिलशी बोलणं चालू आहे. तुम्ही फक्त तुमची वाक्यं रेकॉर्ड करून द्या, एक ॲप करतोय, म्हणजे मँचेस्टर, केंब्रिज, सगळीकडच्या मुलांना तुमचा लाभ होईल. अशा जागी म्हणजे माझ्या दुकानात. मी तो शब्द अजून विसरलो नाही.

मी म्हाताऱ्याला सांगितलं, आधी हॉल, मग आवाज. माल हातात देऊन भाव कधी ठरवतात का? त्यांनी हात झटकला. “तो पाया पडलाय, शावुकारू.” मी म्हटलं, गुंटूरला गिऱ्हाईक पाया पडलं असतं तर सोडला असता माल? आठवडेच्या आठवडे दुपारी श्रीधरच्या घरी जाऊन ते माइकसमोर बोलत राहिले: तक्रारी, नकार, टोमणे, भाव करायच्या सगळ्या तऱ्हा. आयुष्यभराचा ऐवज. मी श्रीधरला हॉलचं विचारलं, की तो हसून म्हणायचा, “अंकल, इट्स इन द पाइपलाइन.” नळ उघडला की पाणी येईल, अशा चेहऱ्याने.

मँचेस्टरला मोठी परिषद झाली. विषय होता जागतिकीकरणाच्या काळात तेलुगूचा विकास. मी फराळाचा स्टॉल लावला होता, त्यामुळे दिवसभर सगळं ऐकलं. प्रार्थना तेलुगूत झाली. शब्द पडद्यावर इंग्रजी अक्षरांत होते, म्हणजे विकास करणाऱ्यांना वाचता यावेत. त्यानंतर तेलुगू संपली. रोडमॅप, स्टेकहोल्डर, एंगेजमेंट. एका गृहस्थांनी मातृभाषेतून स्वप्नं पडली पाहिजेत असं इंग्रजीत इतक्या कळवळ्याने सांगितलं, की पुढच्या ओळीतल्या बायकांचे डोळे भरून आले. मराठी वाचकांनी इथे हसू नये. आपल्या मंडळाच्या गणपतीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून आरतीची वेळ कुठल्या भाषेत कळवली आहे ते आधी बघावं.

दुपारी सन्मान. वीरभद्रय्यागारूंना स्टेजवर बोलावलं, खुर्चीवर बसवलं, जरीची शाल घातली, हार घातला. फोटो झाले. मग श्रीधरने माइक हातात घेतला आणि सांगितलं, की गारूंनी आपला वर्ग मोठ्या मनाने ॲपला अर्पण केला आहे, या वयात आता त्यांनी विश्रांती घ्यावी, आणि येत्या शनिवारपासून मुलं घरबसल्या शिकतील. शाळेच्या हॉलचं नाव नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी स्टॉल सोडून दाराशी आलो. मला वाटलं, आता हा म्हातारा उठणार. बाजारात शंभर आडत्यांच्या आवाजावर ज्याचा आवाज चढायचा, तो आता या पोराला सोलून काढणार. हासिनी तिसऱ्या रांगेत होती, तीही खुर्चीवर चढून बघत होती. तो उठला. माइक हातात घेतला. हात जोडले. “संतोषम्,” म्हणाला. आनंद आहे. आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या गाडीतून परत येताना मी मोटरवेवरच्या सर्व्हिसला थांबलो, चहा घेतला आणि त्यांना धरलं. का बोलला नाहीत? एक ‘नाही’ म्हणायचं होतं, मुलांना दर महिन्याला म्हणायला लावता तेवढंच.

“मोहमाटम्,” ते म्हणाले. भीड. चारचौघांत मान देणाऱ्याला नाही म्हणता न येणं. तेलुगू माणसाच्या हाडातली गोष्ट. मी म्हटलं, तुम्हाला? ते म्हणाले, “बाजारात कधी झालं नाही. पण बाजारात कुणी शाल घातली नव्हती.” मग हात पुढे करून माझी बोटं धरली आणि वरून शाल टाकली, ती अजून त्यांच्या पिशवीतच होती. “जुन्या काळी असा सौदा करायचे. फडक्याखाली बोटं दाबून. बघणाऱ्याला काय ठरलं ते कळायचं नाही. मी तरुणपणी ते बंद करायला भांडलो होतो. म्हटलं, तोंडाने बोला, सगळ्यांना ऐकू द्या. आणि काल स्वतःच हात आत दिला.” शेजारच्या टेबलावरचे लोक आमच्या हातांकडे बघत होते. मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून आहे.

ॲप आलं. मी दुकानात लावून त्यांना ऐकवलं, हासिनीही होती. वाक्यं त्यांचीच होती, आवाज मशीनचा. विचारलं तेव्हा श्रीधरने सांगितलं, की गारूंचे उच्चार फार बाजारी आणि गुंटूरकडचे वाटतात, ग्लोबल ऑडियन्सला न्यूट्रल लागतं. किडकं वांगं काढून त्या जागी ‘प्रिय विद्यार्थी’ घातलं होतं. भाव कमी करा म्हटलं, की मशीन गोड आवाजात ‘जरूर’ म्हणायचं आणि चांदणी द्यायचं. म्हाताऱ्याने तेवढंच ऐकलं आणि म्हणाला, “मिरचीतल्या बिया काढल्यात.” हासिनीने त्या न्यूट्रल आवाजाला दोन शिव्या दिल्या, त्यांनीच शिकवलेल्या. मशीनने उत्तर दिलं, ‘छान प्रयत्न.’

वर्ग मी चालू ठेवायला बघितला. दोन शनिवार. पालकांनी कळवलं, की माझी तेलुगू सोलापुरी आहे आणि मुलांना ॲपवर चांदण्या मिळतात. बरं, त्यात माझंही नुकसान झालं, ते लपवत नाही. शनिवारची गर्दी गेली. पण माझी भाषा सोलापुरी आहे असं सांगायला त्या लोकांनी मला जे पत्र पाठवलं ते इंग्रजीत होतं, आणि त्यात तेलुगू हा शब्द चुकवला होता.

वीरभद्रय्यागारू आणखी थोडे दिवस स्टुलावर येऊन बसले. पोरं आईबापांबरोबर यायची, कानात काहीतरी घातलेलं असायचं, हाय ताता, म्हणजे हाय आजोबा, म्हणून पुढे जायची. मग त्यांनी तिकीट काढलं. जाण्याच्या दिवशी एअरपोर्टला जाताना दुकानापाशी गाडी थांबवली, आत आले, मिरचीचं पाकीट फोडलं, वास घेतला आणि म्हणाले, अजून चोरच आहेस. मी म्हटलं, फोडलंत, पैसे द्या. त्यांनी दिले. छापलेली किंमत, न भांडता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गुंटूरला पोचल्यावर त्यांचे फोन येत होते. बाजार आता त्यांच्या ओळखीचा राहिला नव्हता, तिथेही आडते मोबाइलवर भाव टाकतात म्हणाले. त्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. संघटनेने शाल घातलेला फोटो टाकला, खाली इंग्रजीत चार ओळी, ‘पॅशनेट ॲडव्होकेट’ वगैरे. आणि त्याच पानावर ॲपला बक्षीस मिळाल्याची बातमी. श्रीधरचा फोटो मोठा.

मी हे सगळं गिळलं असतं. धंद्यात फसवणारे पुष्कळ बघितले, एकेकाला बाजूला सारून पुढे गेलो. पण गेल्या शनिवारी हासिनी एकटीच दुकानात आली. आता उंच झाली आहे. पोत्यांपाशी गेली, रिकाम्या स्टुलावर पिशवी ठेवली आणि अडखळत, मध्येच शब्द शोधत मला विचारलं, “तातय्या क्लासु एंदुकु आपेशारु?” आजोबांचा वर्ग का बंद केला. मला वाटलं होतं पोरगी विसरली असेल. ती म्हणाली, तो चालू राहिला असता तर ते गेले नसते. मी म्हटलं, बंद मी केला नाही, ज्याने केला त्याला विचारू.

श्रीधर, तुला मराठी वाचता येत नाही. तुझ्याकडे सामान पोचवणारी माझ्या दुकानातली दोन मराठी पोरं तुला हे वाचून दाखवतील, तशी व्यवस्था केली आहे. मला तुझा खुलासा नको. संघटनेच्या सभेतही नको, तिथे तू पुन्हा कुणाला तरी शाल घालशील. ती मुलगी आता शनिवारी सकाळी दहाला दुकानात येणार आहे. ये, तिच्यासमोर उभा राहा आणि का बंद केलास ते तिच्या आजोबांच्या भाषेत सांग. अडखळलास तरी चालेल, तीही अडखळते. मी मध्ये बोलणार नाही. फक्त इंग्रजीत दिलेलं उत्तर मी उत्तर म्हणून धरणार नाही, आणि ते मिळेपर्यंत दर शनिवारी, दुकानात येणाऱ्या प्रत्येक तेलुगू माणसाला, तिने विचारलेला प्रश्न तिच्याच शब्दांत विचारणार आहे.